आधी गाव, मग नाव

राठोड सरांनी पेशंटला पहिला प्रश्न "काय होतं?" असा विचारलेला मी कधी ऐकला नाही. नावसुद्धा नंतर. आधी, "कोन्तं गाव?" मग, "पानी कुठचं पेता?" आणि मग, "जेवले काय?" एवढं झाल्यावर ते पेशंटच्या अंगाला हात लावायचे. तोवर आम्ही निवासी डॉक्टर फाइल छातीशी धरून, या पायावरून त्या पायावर होत उभे. ओपीडीची रांग दारातून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून पार सायकल स्टँडपर्यंत गेलेली असायची, पण सरांना घाई नसे. घाई करायला अंगात जोर लागतो, तो आता उरला नाही, असं ते स्वतःच म्हणायचे.

"नाव आईबाप ठेवतात, दुखणं गाव ठेवतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते जरा नाटकी वाटलं होतं. मी यवतमाळचीच. माझं सगळं घराणं कचेरीत टेबलामागे बसून म्हातारं झालेलं, त्यामुळे जिल्हा म्हणजे तालुक्यांची नावं आणि एसटीच्या पाट्या, एवढंच मला ठाऊक. सर आर्णीकडच्या एका बंजारा तांड्यावरचे. त्यांचे आजोबा बैलांवर धान्य लादून हिंडायचे, वडिलांनी पहिल्यांदा जमीन कसली आणि सर आमच्या मेडिकल कॉलेजात मेडिसिन विभागाचे प्रमुख झाले. तांड्यावरची एखादी म्हातारी आली की सर बोली बदलायचे. "याडी, कांई व्हेगो?" म्हणायचे, म्हणजे आई, काय झालं, आणि ती बाई दुखणं बाजूला ठेवून सुनेपासून सुरुवात करायची. सर ऐकत बसायचे. आम्ही मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायचो.

बुटके, काळेसावळे, मानेवर कायम एक रुमाल. एप्रनच्या एका खिशात गुडघ्यावर ठोकायची हातोडी, दुसऱ्यात बडीशेपेची पुडी. खुर्चीत कधी बसायचे नाहीत, खुर्चीत बसलं की झोप लागते म्हणायचे. एक लोखंडी स्टूल पायाने ढकलत ते या खाटेवरून त्या खाटेकडे जायचे आणि त्या स्टुलाच्या खरखरीवरून सगळ्या वॉर्डाला कळायचं की राउंड सुरू झाला. "कसे आहात सर?" असं कुणी विचारलं तर दोन बोटांनी डोळे दाबून म्हणायचे, "चालू आहे." त्यांचा तो सूर असा असायचा, जणू बंद करायचं बटण कुठे आहे ते बरीच वर्षं सापडत नाहीये.

आम्ही त्यांच्या डोक्यातल्या हिशेबाला राठोड पंचांग म्हणायचो. कपाशी कमरेएवढी झाली की फवारणीची विषबाधा. पावसात साप. पाऊस ओसरता ओसरता बांधावरच्या गवतातला कीडा चावून येणारा ताप, ज्याचा डाग काखेत नाहीतर जांघेत शोधावा लागतो. थंडी पडली की सिकलसेलची पोरं. उन्हाळ्याच्या तोंडाला मोह वेचायला पहाटे जंगलात गेलेली आणि अस्वलाने ओरबाडलेली माणसं, ती सर्जरीच्या वॉर्डात जायची, तरी सर त्यांना बघून यायचे. मग उष्माघात. मग पुन्हा कपाशी. दरवर्षी तेच, त्याच गावांतून, कधीकधी त्याच घरांतून. रोज मरे त्याला कोण रडे, असं आमच्यातला एक जण म्हणाला, तेव्हा सरांनी त्याला पुढच्या खाटेवरची केस सांगायला लावली.

शनिवारी आमची केस मीटिंग असायची. तिथे प्रत्येकाला काहीतरी अजब आणायची हौस. पुस्तकातल्या तळटिपेत सापडणारा एखादा रोग आपल्याच वॉर्डात सापडावा असं कुठल्या निवासी डॉक्टरला वाटत नाही? एकदा पुण्याहून आलेल्या आमच्या एका सोबत्याने झरी जामणीकडचा एक माणूस आणला. वय चाळिशीचं, पाठ काठीसारखी ताठ, मान वळेना. सोबत्याने कणा धरणाऱ्या एका आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, नागपूरला पाठवायची महागडी तपासणी सांगितली, पडद्यावर चित्रं दाखवली. सगळे खूश. सर मागच्या बाकावर होते. त्यांनी तिथूनच त्या माणसाला "ओ भाऊ" अशी हाक मारली. तो माणूस मान न वळवता अख्खा वळला. त्याच्यासोबत त्याचा भाऊ आला होता, तो भिंतीशी उभा होता. तोही अख्खाच वळला.

सर उठून पुढे आले, त्याला दात दाखवायला सांगितलं. दातांवर आडव्या तपकिरी रेघा. घरी आणखी कोणाची पाठ अशी आहे का, असं विचारलं. "सगळ्याइचीच हाय जी," तो म्हणाला, त्यात काय विचारायचं अशा चेहऱ्याने. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून आम्ही हसलो. आमचा सोबती ओशाळून हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याला विचारलं, की बरं, आता यांना काय सांगणार? दुसरं पाणी प्या, तो म्हणाला. कुठून, सरांनी विचारलं. "निदान झालं की आपल्याला बरं वाटतं," सर म्हणाले, "त्यांना नाही वाटत." तो माणूस दुपारच्या गाडीने त्याच पाण्याकडे परत गेला. सरांनी वरती कितीदा कळवलं होतं ते सगळ्या कॉलेजला माहीत होतं. पालथ्या घड्यावर पाणी. पण त्याबद्दल बोलायचा त्यांना कंटाळा होता.

दुर्मीळ रोग इथं येत नाहीत, असं ते म्हणायचे. इथं नेहमीचाच रोग अनोळखी कपडे घालून येतो. म्हणून जास्त बघावं आणि कमी आठवावं.

फवारणीच्या दिवसांतली एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. विषबाधेवर आम्ही जे इंजेक्शन देतो ते भरपूर दिलं की माणूस बरळायला लागतो, त्याला नसलेल्या गोष्टी दिसतात. एक मजूर असाच खाटेवर बसून हवेतून काहीतरी खुडत होता. दोन्ही हात चालू. खुडायचा, कमरेशी नसलेल्या ओटीत टाकायचा, पुन्हा खुडायचा. तो कापूस वेचत होता. सलाइनची सुई निघेल म्हणून सिस्टरने त्याचे हात बांधायला पट्टी आणली. सर म्हणाले, थांबा. स्टूल ढकलत जवळ गेले आणि आपल्या एप्रनचा सोगा दोन्ही हातांनी झोळीसारखा त्याच्यापुढे धरला. तो माणूस त्यात कापूस टाकत राहिला. ओपीडी खोळंबलेली, आम्ही बघत उभे. बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "झालं गड्या, गाठोडं भरलं. आता पड जरा." तो पडला आणि झोपला. सर उठले, एप्रन झटकला आणि पुढच्या खाटेकडे गेले. मला तेव्हा हसू आलं होतं. रात्री जेवताना रडू आलं.

आणि मनीषा.

मनीषा आत्राम आमच्या वॉर्डात लहानाची मोठी झाली असं म्हटलं तर खोटं नाही. झरी जामणीच्या जंगलातल्या एका गोंडांच्या गावची. सिकलसेलची. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि मग हाडं अशी दुखतात की मोठी माणसं गुरासारखी ओरडतात. ती शाळेत जायच्या वयाची असल्यापासून सरांकडे यायची. तिला आकड्यांत दुखणं सांगता येत नसे, म्हणून सरांनी तिच्यापुरती वेगळी मापं केली होती. सर विचारायचे, "आज काय बसलं अंगावर?" थोडं असलं की ती म्हणायची, गोऱ्हा. जास्त असलं की बैल. आणि अगदीच असह्य झालं की ट्रक, कारण पांढरकवड्याला हायवेवर ती पहिल्यांदा ट्रक बघून घाबरली होती. त्यानुसार इंजेक्शन ठरायचं. मोठेपणीही त्यांनी ही मापं सोडली नाहीत. मी रुजू झाले तेव्हा ती कॉलेजच्या वयाची होती, आणि तिच्या केसपेपरवर सरांच्या हातचं "बैल" असं लिहिलेलं बघून मी चक्रावले होते.

वॉर्डाला ती माहेर म्हणायची. सिस्टर लोकांच्या हाताखाली पट्ट्या गुंडाळता गुंडाळता तिला नर्स व्हायचं वेड लागलं आणि ती खरोखरच यवतमाळला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला लागली. त्या दिवशी सरांनी आख्ख्या वॉर्डाला जिलबी वाटली. स्वतः खाल्ली नाही, साखर होती त्यांना. मी त्यांना ताजंतवानं बघितलं असेल तर त्या एका दिवशी. एवढ्या वर्षांच्या वर्तुळात एक पोरगी वर्तुळाबाहेर पडली होती, असं ते म्हणाले. म्हणून पुढचं सगळं त्यांना इतकं लागलं असावं.

पोळ्याला ती गावी गेली. घरात पाहुणे, खाटा पाहुण्यांना दिलेल्या. पहाटे तिच्या पोटात दुखायला लागलं, उलट्या झाल्या. बापाने गाडी करून पांढरकवड्याला नेलं, तिथून आमच्याकडे. पोहोचली तेव्हा ओपीडी ऐन भरात होती. सरांना कळलं तसे ते रांग सोडून आले. "माहेरवाशीण आली वाटते," म्हणाले आणि नेहमीसारखं विचारलं, बैल की ट्रक?

"सर, हे आपलं दुखनं नाई," मनीषा म्हणाली. "अंगावर काहीच बसून नाई राह्यलं. आतून पिळून राह्यलं."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोटातही होतं कधीकधी, म्हणाले. आणि ते खरं आहे, सिकलसेलचं दुखणं पोटातही उठतं. सणाची दगदग, जागरण, पाणी कमी प्यालेली, सगळं जुळत होतं. सलाइन, ऑक्सिजन, दुखण्याचं इंजेक्शन सांगून ते रांगेकडे परत गेले. त्या वेळी तिथे असलेल्या प्रत्येकाने हेच केलं असतं. मीही तिथेच होते आणि मला काडीची शंका आली नाही.

दुपारी तिच्या पापण्या जड झाल्या. इंजेक्शनची गुंगी असेल, असं सगळ्यांना वाटलं. सर राउंडला आले, स्टूल ओढलं आणि तिला वर बघ म्हणाले. तिला बघता येईना. त्यांनी बोटाने पापणी उचलली, सोडली, ती पडद्यासारखी खाली आली. जीभ बाहेर काढ म्हणाले. जीभ दातांपलीकडे येईना. सरांचं बोट तिच्या गालावरच राहिलं. मग बापाकडे न बघता त्यांनी विचारलं, की काल रात्री पोरगी कुठं झोपली होती. खाली, भुईवर, बाप म्हणाला.

"मण्यार," सर म्हणाले.

मण्यार चावलेली कळत नाही. दाताची खूण राहत नाही, सूज येत नाही, झोपलेलं माणूस कूस बदलून पुन्हा झोपतं. पहाटे पोट दुखतं, दुपारपर्यंत पापण्या उतरतात, मग श्वास. पावसाळ्यात भुईवर झोपणारं कुणीही पोट दुखतं म्हणून आलं तर आधी पापणी उचलून बघा, हे सरांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. दरवर्षी प्रत्येक तुकडीला शिकवायचे. जिल्हाभरातल्या किती पोरापोरींना त्यांनी तेवढ्यावर वाचवलं असेल. इतरांना ते गाव विचारायचे, घर विचारायचे, कुठं निजला ते विचारायचे. मनीषाला विचारायची गरजच पडली नव्हती. तिचं सगळं त्यांना पाठ होतं.

सापाचं औषध दिलं, पण ते लवकर दिलं तर उपयोगाचं. संध्याकाळी तिला व्हेंटिलेटर लावावा लागला. सगळं अंग लुळं पडलं, डोळे मिटलेले. सरांनी सिस्टरना बजावलं, की ही झोपलेली नाही, हिला सगळं ऐकू येतं, हिच्या उशाशी वेडंवाकडं बोलायचं नाही. स्वतः रोज येऊन तिला वार सांगायचे, बाहेर ऊन आहे की आभाळ ते सांगायचे, वर्गातल्या कुठल्या मैत्रिणी येऊन गेल्या ते सांगायचे. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात तेवढी जरा हालचाल उरली होती. होय असेल तर अंगठा हलव, असं त्यांनी तिला शिकवलं. दुखतं का, त्यांनी विचारलं. अंगठा हलला. श्वास कमी पडला होता, त्याने तिचा जुना आजारही उठला होता. गोऱ्हा? अंगठा तसाच. बैल? तसाच. ट्रक म्हटल्यावर हलला. औषध वाढवलं. दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा ट्रक.

विष उतरायला लागलं होतं. एका सकाळी तिची पापणी अर्धी उघडली आणि वॉर्डातल्या आया एकमेकींना बोलवायला धावल्या. त्याच दिवशी ताप चढला. छाती भरली. सिकलसेलच्या पेशंटची छाती एकदा भरली की ती उतरवणं फार कठीण. सरांनी जे करता येतं ते सगळं केलं, रक्त बदललं, नागपूरशी बोलले. ती गेली.

सगळ्यांनी त्यांची समजूत घातली. सर, सिकलसेलने गेली, ते आज ना उद्या होणारच होतं. सर, मण्यारीने गेली, ती उशिरा आली होती. दोन्ही बाजूंनी त्यांना सुटका होती. त्यांनी एकही घेतली नाही. पुढच्या शनिवारी मीटिंगला एखाद्या निवासी डॉक्टरसारखे ते स्वतः पुढे उभे राहिले आणि त्यांनी केस सांगितली. कुठे थांबायला हवं होतं, काय विचारायला हवं होतं, सगळं. "अनोळखी असती तर वाचली असती," असं म्हणून ते खाली बसले.

मग ते तिच्या गावी निघाले. गाडी मी चालवली, कारण त्यांची झोप उडाली होती. वाटेत ते म्हणाले, की आपण उशीर केला हे त्या लोकांना आपल्या तोंडून कळलं पाहिजे. कुणीतरी चिडलं पाहिजे, डॉक्टर. एवढ्या वर्षांत माझ्यावर कुणी चिडलंच नाही.

अंगणात खाट टाकून त्यांनी सरांना बसवलं. मनीषाचा बाप समोर उकिडवा बसला, आई दाराच्या आत, डोक्यावरून पदर ओढून. सरांनी सगळं सांगितलं, वऱ्हाडीत, सावकाश, एकही गोष्ट न गाळता. सकाळीच पापणी पाह्याले पाह्यजे होती, मी पाह्यली नाई, असं म्हणाले. बाप ऐकत होता. चिडला नाही. बराच वेळ त्याने जमिनीवर काडीने काहीतरी ओढलं. मग म्हणाला, की तुम्ही होते म्हणून ती एवढी मोठी झाली. सरांची मान खाली गेली. त्यांना हे नको होतं.

मग त्याने विचारलं, "तिले दुखत होतं काय जी सर, शेवटी?"

मी सरांकडे बघितलं नाही. आईने पदर जरा मागे घेतला होता, तिलाही ऐकायचं होतं.

"नाई," सर म्हणाले. "काहीच नाई. झोपून होती ते."

बापाने मोठा श्वास सोडला. दाराकडे वळून तो गोंडीत काहीतरी बोलला. आई बाहेर आली आणि तिने सरांना हात जोडले. सरांनी तो नमस्कार घेतला. आयुष्यात कधी घेतला नसेल इतक्या कष्टाने घेतला.

आम्ही पांढरकवड्याला आलो. रजा टाकली होती, तांड्यावर जायचं होतं, म्हणून त्यांना बसस्टँडवर सोडलं. निवृत्तीला थोडेच महिने होते, त्या रजेवरून ते कॉलेजात परत आलेच नाहीत. पण ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. गाडीतून उतरून त्यांनी खिडकीवर हात ठेवला.

"ते लोक तुमच्या ओपीडीत येतील कधीतरी," म्हणाले. "पुन्हा विचारतील. तुम्हीबी तेच सांगा."

घाटंजीवरून आर्णीला जाणारी गाडी लागलेली होती, माणसांनी भरलेली. एका पोराने उठून त्यांना खिडकीशी जागा दिली. निघते म्हणून मी हात करणार होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांना ओळखलं असावं, कारण गाडी सुटायच्या आतच त्याने धोतर वर करून आपला सुजलेला पाय त्यांना दाखवायला घेतला होता. सरांनी दोन बोटांनी डोळे दाबले आणि वाकून तो पाय बघायला लागले.